माझा आकडा दहा

शनिवार, ६ डिसेंबर

नवी वही. जुनी भरली, गावातल्या बहुतेकांनी तिच्यात आपापली जागा कमावून घेतली होती.

दर फाशिंगला, म्हणजे उपवासाचे दिवस लागण्याआधीच्या मंगळवारी, गावाला तोंड सोडायची मुभा असते. त्या दिवशी मी वेंडेलिनच्या खानावळीत टेबलावर उभा राहून टवाळपत्र वाचतो. वर्षभरात कोण कुठं घसरलं, कुणाची गाय कुणाच्या परसात सापडली आणि कुणाचा नवरा कुणाच्या, सगळं यमकात. ज्याच्यावर हसतात त्यानं सगळ्यांत मोठ्यानं हसायचं, नाही हसला तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याचाच नंबर, ही आमच्या हिंटरमोस गावची रीत. लिहिणारा अर्थात मी. तर त्याचा कच्चा माल साठवायला ही वही. बाकीचे लोक रोजनिशीत स्वतःची पापं लिहितात म्हणे. मला तेवढी सवड नाही.

बर्फ बरा पडला. आमचं स्कीचं दुकान उघडलं. बुर्गीनं भाड्याच्या सगळ्या स्की खाली काढल्या आणि एकेकीची पकड, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा भाग, यंत्रावर लावून तपासली. आमच्यात कामाची वाटणी आहे: मी गिऱ्हाइकं बघतो, बायको पकडी बघते. पकडीवर एक खिडकी असते, तिच्यात आकडा दिसतो. ती खिडकी ज्यानं केली तो मुंग्यांच्या घरी वाढलेला असावा. बुर्गी म्हणते चष्मा लाव. चष्मा लावून प्रवचन द्यायला मी काय पाद्री आहे?

शेवटी माझी जोडी घेऊन बसली. दर वर्षीप्रमाणे विचारलं, "किती?" दर वर्षीप्रमाणे मी म्हणालो, "दहा." "बरं," म्हणाली आणि स्क्रू ड्रायव्हर उचलला. आमच्या संसारातला सगळ्यांत सुरळीत चालणारा संवाद हाच.

रविवार, २८ डिसेंबर

नाताळची गर्दी. सकाळपासून खोटं ऐकतोय.

पकडीचा आकडा ठरवायला भिंतीवरच्या तक्त्याला पाच गोष्टी लागतात: वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी, आणि माणूस उतारावरून जपून उतरतो की सुसाट. आकडा कमी असला तर पडता क्षणी पकड बूट सोडून देते. जास्त असला तर पडलात तरी सोडत नाही, आणि मग तिच्याऐवजी हाड सुटतं. म्हणजे खरं सांगण्यात गिऱ्हाइकाचाच फायदा. पण बायका वजन पाव हिश्शानं कमी सांगतात, पुरुष स्वतःला सुसाट म्हणवतात, आणि वय दोघंही चोरतात. यांच्या पायांची हाडं देवावर सोडलेली.

यावर माझा उपाय जुना आहे. गिऱ्हाइकाला काट्यावर उभं करायचं आणि वजन सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं पुकारायचं. आज एक हॉलंडची बाई होती, अंगावर पांढरं शुभ्र, चालली तर हिमनदी सरकल्यासारखी वाटावी. मी पुकारलं, तशी तिची मुलंसुद्धा हसली. बाई लाल झाली. अख्खं दुकान खूश. बुर्गीला हे आवडत नाही. तिच्या टेबलाशी गेलं की ती बायकांचं वजन कानात विचारते, काट्यावर घेतलंच तर काट्याच्या आणि लोकांच्या मध्ये स्वतः उभी राहते. मग बायका तिच्याच रांगेत उभ्या राहतात, आणि माझ्याकडे सगळे जर्मन पुरुष.

दुपारी जरा उसंत मिळाली तेव्हा बुर्गीनं स्वतःची जोडी खाली काढली. दोन हिवाळे तिनं स्कीला पाय लावला नव्हता. सांध्यांचं दुखणं, आणि त्यावरच्या त्या गोळ्या. गोळ्यांनी सांधे सुटले पण बाई फुगली. चेहरा तर असा वाटोळा झालाय की मागून हाक मारली की पुढून कुणीतरी वेगळंच वळून बघतं. यंदा डॉक्टरनं परवानगी दिली. नवीन आकडा काढायला म्हणून ती काट्यावर चढली. मला वाटतं ती कुणी बघत नाहीसं बघूनच चढली असावी. पण मी बघत होतो. हात माझा नेहमीच तोंडाशी असतो, भोंगा केला आणि पुकारलं, "ब्याऐंशी!"

दुकानात डझनभर माणसं होती. इतका दणकेबाज हशा या मोसमात झाला नव्हता.

बुर्गी उतरली, काटा भिंतीशी सरकवला आणि एका पोरीच्या बुटाचं माप घ्यायला बसली. चिडली नाही. विनोद समजणारी बायको मिळायला नशीब लागतं.

शुक्रवार, ९ जानेवारी

पन्नास झालो.

वेंडेलिनच्या खानावळीत जेवण. डुकराच्या मांसाचा भाजलेला तुकडा, वाफवलेले पावाचे गोळे, बिअर. आमच्याकडे पुरुष एकत्र बसले की पहिल्या पेल्याला हवामान, दुसऱ्याला बायका आणि तिसऱ्याला आकडा निघतो. परगावी लोक गाडी कुठली विचारतात, आमच्याकडे, "तुझा किती?" वेंडेलिन म्हणतो नऊ, पण तो गेली पाच वर्षं स्कीवर चढलेला नाही, तेव्हा बारा म्हणाला असता तरी चाललं असतं. मी दहा. लाकूडवाला नऊ.

मग कासियानला विचारलं. हा आमच्या स्कीशाळेचा मुख्य; तरुणपणी देशासाठी शर्यती धावलेला; भिंतीवर त्याचा फोटो आहे, त्यात केसही आहेत. म्हणाला, "सात."

मी म्हटलं, "पोरांच्या हिशेबानं सांगतोस की म्हाताऱ्यांच्या?"

"तक्त्याच्या. पन्नाशी उलटली की तक्त्यात एक ओळ वर सरकायचं, म्हणजे आकडा उतरतो. हाडं जुनी होतात लेका. तूही सरक आता."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं, मी वर्षानुवर्षं दहावर आहे आणि आजवर पायाला साधी लचक नाही. तक्ता हॉलंडच्या लोकांसाठी असतो. जो बर्फात जन्मला त्याला आकडा पोटातून कळतो. वेंडेलिननं टेबलावर मूठ आपटली. कासियान मात्र खाता खाता म्हणाला, "तेच तर मला कळत नाही. मागच्या रविवारी पोरांच्या उतारावर तू आडवा झालास, तर तुझी पकड टुपकन सुटली. माझी सातचीसुद्धा तिथं सुटली नसती."

मी म्हणालो, "पडायची कला असते. मी मांजरासारखा पडतो, आधी अंग सैल सोडतो."

बुर्गी शेजारी होती. तिला एकदम ठसका लागला. पाठीवर थोपटलं. वेंडेलिनच्या बायकोनं पाणी दिलं.

शनिवार, १७ जानेवारी

टवाळपत्राला सुरुवात. कासियानवर पहिल्याच फटक्यात जमलं:

कासियानचा आकडा सात, सुनेचा साडेसात,
कोण कुणाला सांभाळतंय उतरताना घाटात?

सून खरंच त्याच्याहून जोरात उतरते. ती हसेल, तो हसल्यासारखं करेल. बाकी माल कमी आहे. यंदा गाव कंटाळवाणं वागलंय. एक घटस्फोट नाही, एक गाडी तळ्यात गेलेली नाही.

बुर्गीनं तिची जोडी पुन्हा वर टांगलेली दिसली. एकदाही वापरली नाही. लहर फिरली असेल. परवानगी मिळवायला डॉक्टरच्या इतक्या खेपा घातल्या त्या कशाला, हे तिलाच माहीत.

शुक्रवार, ३० जानेवारी

आज घरात जरा वाजलं. वाजलं म्हणजे मी बोललो, ती हळू बोलली.

टवाळपत्रात शेवटून दुसरा मजकूर मला नेहमी घरातला लागतो. मागच्या खेपेला सासूबाई होत्या, त्याआधी माझा भाऊ. यंदा बुर्गी. त्या दिवशीच्या हशानंतर दुसरं कोण असणार?

बुर्गी चढली काट्यावर, काटा म्हणाला, "बाई,
एकेकानं यावं, इथं दोघींची सोय नाही."

पुढं अजून सहा ओळी आहेत, त्यांत ब्याऐंशी येतं आणि गोळ्याही येतात. गोळ्यांना यमक मिळवणं सोपं नव्हतं. कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर राहिला आणि तिनं वाचला.

माझ्यासमोर बसली. म्हणाली, "रोमेड, हे वाचू नकोस."

मी म्हणालो, सगळ्यांचं वाचतो.

"मी काय जाळलं ते लिही. मी कुणाशी भांडले ते लिही. आईवर लिहिलंस तेव्हा मी काही बोलले नाही. आजवर एवढं एकच मागतेय. हे नको."

आता, तिचं म्हणणं मला अगदीच कळलं नाही असं नाही. पण बायकोला वगळलं तर गाव काय म्हणेल? रोमेड घरात दबून असतो. मग कासियानवरच्या ओळींना कसला दम राहिला? न्याय म्हणजे न्याय. शिवाय ते यमक. बाई आणि नाही. असं यमक दहा वर्षांतून एकदा हाताला लागतं.

मी म्हटलं, "बघतो."

तिनं मान डोलावली आणि बटाटे सोलायला घेतले. म्हणजे प्रश्न मिटला.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

बघितलं. ठेवलं. छापायला दिलेलं नमुना-पान आज दुकानात आलं. मी बाहेर बर्फ ओढत होतो, पाकीट बुर्गीनं उघडलं. आत आलो तेव्हा ती उभ्या उभ्या वाचत होती. शेवटापर्यंत वाचलं, घडी घातली, माझ्या हातात दिलं.

"यमक चांगलं आहे," म्हणाली.

मी वीस वर्षं लिहितोय. तिच्या तोंडून ही पहिली दाद. मला खरोखर बरं वाटलं. उगाच घाबरत होतो.

त्यानंतर ती म्हणाली, "रविवारच्या शर्यतीसाठी तुझी जोडी बघते." क्लबची दरवर्षीची शर्यत, पन्नाशीवरच्यांच्या गटात माझी ही पहिलीच, आणि कासियान त्याच गटात. मोसमात दुसऱ्यांदा माझी जोडी तिनं कधी घेतली नव्हती. आपणहून घेतली. जोडी टेबलावर आडवी ठेवली आणि विचारलं, "किती?"

"विचारतेस काय? दहा."

तिनं भिंतीवरचा तक्ता काढून माझ्यासमोर धरला, बोट ठेवून वाचलं: पंच्याऐंशी किलो, एवढी लांबी, सुसाट उतरणारा; पन्नाशीनंतर एक ओळ वर. "सात येतो."

"सात कासियानचा. मला त्याचे उतरलेले कपडे नकोत."

"म्हणजे खरा दहा," ती म्हणाली. "दहा म्हणजे दहाच."

"मग इतकी वर्षं काय होता?"

तिनं माझ्याकडे बघितलं, जसं ती पकड यंत्रावर लावल्यावर त्याच्या काट्याकडे बघते. मग स्वतःचा चष्मा काढून माझ्यापुढं धरला. "घे. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघ. आत्ता काय आहे ते आधी बघ, मग सांग."

मी म्हणालो, "तू आहेस ना बघायला."

"हो," म्हणाली. "मी आहे."

आणि स्क्रू फिरवायला लागली. बराच फिरवला. इतकं काळजीनं काम करताना तिला मी कधी पाहिलं नव्हतं.

शनिवार, ७ फेब्रुवारी

जोडी चढवून मागच्या मैदानात फिरून आलो. बुर्गीनं पकडीला तेल दिलं असावं किंवा स्प्रिंग बदलली असावी. टाच आत बसवायला अख्खं अंग टाकावं लागलं, आणि बसली ती तुरुंगाचं दार लागावं तशी. काढताना तर काठीनं दाबून दाबून हात भरून आला. याला म्हणतात पकड. संध्याकाळी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "दहा असाच असतो."

मी म्हटलं, मला सांगतेस?

मंगळवार, १० फेब्रुवारी. जिल्ह्याचं इस्पितळ.

आडवा पडून लिहितोय, अक्षर वाकडं येईल.

रविवारी ऊन होतं, बर्फ सकाळचा कडक. वरती सुरुवातीच्या झोपडीशी आम्ही चौघं थांबलो होतो: कासियान, लाकूडवाला, चीजवाला हार्टविग आणि मी. वेंडेलिन गरम वाइनचं पिंप घेऊन आला होता. तेवढ्यात दोरावरच्या पाळण्यातून बुर्गी वर आली. कधी येत नाही. येऊन माझ्यासमोर उभी राहिली, कोटाच्या खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला.

"अजून वेळ आहे," म्हणाली. "दोन्ही पायांचं मिळून एक मिनिटाचं काम. सांग, किती करू?"

सगळ्यांच्या देखत. कासियानच्या देखत. ही काय वेळ झाली? मला तिच्या चेहऱ्यावर कसली घाई होती ते कळलं नाही. थंडी होती म्हणा.

मी म्हणालो, "तू ब्याऐंशीवरून खाली उतर, मग माझा दहा उतरवू."

वेंडेलिन इतका हसला की त्याच्या हातातली वाइन सांडली. लाकूडवालाही हसला. कासियान हसला नाही, पण तो विनोदाच्या बाबतीत मंदच. बुर्गीनं स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला, खिशाची चेन लावली आणि पाळण्याकडे गेली.

शर्यत मी उत्तम धावलो. कासियान पहिला, लाकूडवाला दुसरा. पण त्या दोघांची स्कीला लावायची मेणं महाग होती. वाटेवर रोवलेला एकही दांडा चुकला नाही, एकदाही पडलो नाही. जे झालं ते शर्यत संपल्यावर झालं, सपाट जागेवर, माणूस चालतो त्याहून कमी वेगात. लोक टाळ्या वाजवत होते, म्हणून टोपी काढून अभिवादन करावं म्हटलं. वळताना एका स्कीचं टोक दुसरीवर चढलं. आडवा होत होतो. नेहमीसारखं अंग सैल सोडलं, मांजरासारखं. अंग वळलं. स्की वळली नाही. सुटलीही नाही. मधला जो भाग होता त्याला दोघांचं ऐकावं लागलं.

आवाज मी ऐकला. ओलं सरपण गुडघ्यावर घेऊन मोडावं तसा.

लोक हसत होते. त्यांना वाटलं मी सोंग करतोय. रोमेड पडतो तेव्हा गंमतच करतो. मी ओरडलो, हसू नका. तर आणखी हसले. "पाय, पाय," म्हणालो, तेही कुणीतरी माझ्याच आवाजात म्हणून दाखवलं. आमची रीत मीच त्यांना शिकवलीय: ज्याच्यावर हसतात त्यानं मोठ्यानं हसायचं. मी हसत नव्हतो, म्हणजे किती सुंदर नक्कल.

पहिली पोचली ती बुर्गी. गुडघ्यांवर बसली, दोन्ही तळवे पकडीच्या खटक्यावर ठेवले आणि सगळा भार टाकून ती उघडली. तिचं वजन प्रथमच कुणाच्या कामी आलं. हे मी तिला तिथंच सांगितलं, वातावरण हलकं करायला. ती म्हणाली, "बोलू नकोस. हलू नकोस."

नडगीचं हाड पीळ पडल्यासारखं मोडलंय. सळई घातली. डॉक्टर पोरगेलासा आहे. आकडा किती होता विचारलं. दहा. वय? पन्नास. कुणी लावला? बायकोनं. त्यानं बुर्गीकडे बघितलं.

"त्यानं सांगितला तेवढा लावला," ती म्हणाली.

डॉक्टर म्हणाला, सातवर असता तर बर्फ झटकून घरी गेला असता. मी त्याला विचारलं, तू कुठला? सपाट प्रदेशातला निघाला. सोडून दिलं.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

या इस्पितळात माणसाची अब्रू ठेवायची पद्धत नाही. सकाळी खुर्चीच्या काट्यावर बसवलं, आणि ती आडदांड नर्स दारातून थेट दुसऱ्या टोकाच्या नर्सला ओरडून सांगते, "त्र्याण्णव! औषधाचा डोस वाढवा, यांनी पंच्याऐंशी लिहिलंय!" खोलीत चार खाटा. तिघं खदखदले, त्यांतल्या एकाला तर बरगड्या मोडल्यात, हसणं सोसत नव्हतं तरी हसला. माणूस आजारी आहे, लंगडा झालाय, आणि त्याची खासगी गोष्ट अशी चव्हाट्यावर मांडायची? तक्रार करणार आहे. काही गोष्टी कानात सांगायच्या असतात एवढी साधी माणुसकी यांना नाही.

दुपारी कासियान आला. मी त्याला आधीच निरोप दिला होता: बुर्गीच्या हातून चूक झालीय, नक्की बाराच्या वर गेला असणार, माझी जोडी पलीकडच्या खोऱ्यातल्या दुकानात नेऊन यंत्रावर लावून बघ. त्यानं तसं केलं होतं.

"दहा," तो म्हणाला. "दोन्ही पकडी. केसाइतकाही फरक नाही."

"नीट बघितलं?"

"तीनदा. बुर्गी ती, चुकायची नाही." मग खुर्ची जवळ ओढली. "रोमेड, आधी खरंच दहावर होतास?"

"वर्षानुवर्षं."

"तूच बघायचास आकडा?"

म्हटलं, मी कशाला बघू, बुर्गी बघायची. कासियाननं खाटेवरच्या माझ्या पायाकडे बघितलं आणि एकाएकी त्याला कुठंतरी जायचं असल्याचं आठवलं. दारात वळून म्हणाला, "फार चांगली बायको होती रे तुझी."

होती म्हणजे काय? मेलोय तो मी की ती? या माणसाला भाषा कधीच जमली नाही.

बुधवार, १८ फेब्रुवारी

काल फाशिंग झाला. माझ्याशिवाय. असं वीस वर्षांत झालं नव्हतं.

वेंडेलिन आज वृत्तांत घेऊन आला, तोंडाला अजून बिअरचा वास. टवाळपत्र छापून तयार, वाचणार कोण, यावर खानावळीत वाद झाला. कासियान नको म्हणाला. तेवढ्यात बुर्गी उठली आणि टेबलावर चढली. टेबलाबद्दल मी वेंडेलिनला एक विनोद सांगितला. तो हसला नाही. उपवास लागल्यामुळं असेल.

तिनं सगळं वाचलं म्हणे. कासियान, सून, हार्टविगची मांजर. मग शेवटून दुसरा मजकूर आला. तिनं आवाज चढवला नाही, उतरवला नाही. ब्याऐंशी वाचलं, गोळ्या वाचल्या. मी विचारलं, कुठं हसले? काट्यावर की गोळ्यांवर?

"हसलं नाही कुणी."

"कुणीच नाही?"

"माझी बायको रडली," वेंडेलिन म्हणाला, आणि माझ्याकडे असं बघितलं जणू मी रडवलं.

वाचणाऱ्यानं घोळ घातला, दुसरं काय. थांबायचं कुठं ते कळावं लागतं. मी असतो तर "बाई"वर थांबलो असतो. वीस वर्षांतलं माझं सर्वोत्तम यमक वाया गेलं. मग शेवटी बुर्गीनं कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "रोमेडवर यंदा काही नाही. त्याला त्याचा आकडा मिळाला." आणि यावर म्हणे खानावळ डोक्यावर घेतली लोकांनी, लाकूडवाला खुर्चीवरून खाली आला. यात ना यमक, ना कल्पना. मी वेंडेलिनला दोनदा विचारलं यात हसण्यासारखं काय होतं. तो म्हणाला, "तू बरा हो आधी."

गावाची अभिरुची माझ्यामागे एका आठवड्यात बसली.

चार वाजता बुर्गी आली. उपवासाचा पहिला दिवस, म्हणून कपाळावर राखेचा क्रूस. चर्चमधून परस्पर आली असणार. चेहरा उन्हानं लालबुंद, आणि डोळ्यांभोवती मात्र गोऱ्या चकत्या, घुबडासारख्या. दारातला बर्फ ओढताना गॉगल लावत असेल. एवढा बर्फ पडलाय की काय तिकडे? जरा बारीकही वाटली. खुर्चीवर बसली, संत्रं सोलून दिलं. पूर्वी निम्मं ती खायची. आज सगळं मला दिलं.

मी म्हणालो, "कासियाननं जोडी तपासून आणली. दहाच निघाला. तुझ्यावर उगाच आळ घेतला मी." एवढा दिलदारपणा मला जमतो.

"हं."

"मग मोडला कसा? गेल्या वर्षी किती होता?"

"तू किती सांगितला होतास?"

"दहा."

"मग?"

तेच तर. तोच माणूस, तोच पाय, तोच दहा. गेल्या वर्षी सात-आठदा पडलो, प्रत्येक वेळी सुटली. यंदा शर्यतीच्या दिवशी पडलो आणि मोडला. सगळं पारखून बघितलं. दोष बर्फाचाच निघतो. सपाटीवरचा तो बर्फ क्लबनं पाणी मारून केलेला आहे, नैसर्गिक नाही. यावर पुढच्या टवाळपत्रात क्लबची सालटी काढणार आहे. हे मी तिला सांगितलं, ती ऐकत होती. मग तिनं संत्र्याची सालं गोळा केली, कोट घातला आणि खाटेच्या पायथ्याशी थांबली.

"डॉक्टर म्हणतात पुढच्या हिवाळ्यात तुला उतरता येईल," म्हणाली. "जोडी मी दुरुस्त करून ठेवीन. किती?"

मला भरून आलं. एवढं सगळं झालं, तरी तोच प्रश्न, त्याच आवाजात. म्हणजे घरात काहीही बदललेलं नाही.

"दहा," मी म्हणालो.

"बरं," म्हणाली, आणि दार हळूच ओढून घेतलं.